करवतीचा खालचा हात

उंबरखाण, कल्याण
१२ जानेवारी १९८८

चि. उत्तम यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

आपली सॉ मिल मोडायची नाही, असं काल मी बाबांना तोंडावर सांगितलं. मशीन चालवणारा राघो डोंबिवलीच्या कंपनीत लागल्यापासून ते बंद आहे, आणि बाबांचे हात आता थरथरतात. त्यांनी सोमवारी भंगारवाल्या कुंडलिकला बोलावलंय. नेमके काल खाडीवरचे दामाजी नाखवा आले. त्यांना नव्या होडीसाठी सागाच्या फळ्या हव्यात. बाबा नाही म्हणत होते, तेवढ्यात मी म्हटलं, मी कापते.

बाबा म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नव्हे. तशी आई चुलीपुढून उठून आली आणि सगळं सांगून मोकळी झाली. गावात वीज नव्हती तेव्हा खड्ड्यावर ओंडका ठेवून वरून बाबा आणि खालून एक मजूर करवत ओढायचे, असंच आपण ऐकत आलो ना? तो मजूर म्हणजे आई. माझ्या वेळी सातवा महिना लागेपर्यंत डोळ्यांत भुसा घेत तिने करवत ओढली. मग बाबा म्हणाले, एक ओंडका कापून दाखव.

मशीनचा पट्टा पार विरलाय. नवा घेऊन रविवारी ये. भावाचा जीव आहे बहिणीवर, तो या वेळी खांद्यावरून आण.

तुझी,
शीलाताई

वर्तकनगर, ठाणे
१५ जानेवारी १९८८

ती. शीलाताईस सा. न.

पट्टा मिळाला. उद्या सुट्टी झाली की खोपटहून एसटी पकडतो. पत्र आधी पोचतं की मी, बघू. शेजारच्या आनंदला तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. लहानपणापासून माझे कान कापत आलीस, आता सागही काप. पण धास्ती वाटते गं. बांगड्या काढ, पदर घट्ट खोच.

आईने कधीच कसं सांगितलं नाही? आपण विचारलंच नाही म्हणा.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
उत्तम

उंबरखाण, कल्याण
२० एप्रिल १९८८

चि. उत्तम यास अनेक आशीर्वाद.

पहिली फळी वाकडी गेली म्हणून त्या रविवारी निघताना तू माझ्याकडे बघत नव्हतास. दुसऱ्या दिवशी कुंडलिक टेम्पो घेऊन आला, तेव्हा बाबांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, मशीन कामात आहे. नंतर आठवडाभर ते माझ्या शेजारी उभे राहिले. आता माझा हात बसलाय.

काल होडी पाण्यात गेली. नाखवांनी नारळ आईच्या हातात दिला. ती लाजून मागे सरली, तर बाबांनीच तिला पुढे केलं. सगळ्या कोळीवाड्यासमोर म्हणाले, ही मिल आम्ही दोघांनी उभी केली. आईने नारळ असा फोडला की पाणी नाखवांच्या टोपीवर उडालं.

घरी येताना बाबांनी मला विचारलं, उद्या मिल किती वाजता उघडायची.

सुट्टी काढून ये. तोवर आम्हा तिघांना मनात ठेव.

तुझी,
शीलाताई