विकीच्या डोळ्यांचा नंबर

इंदापूर,
५ जानेवारी २०२५

ती. बाबांना सप्रेम जय भीम,

वि. वि. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमधल्या धडधडीनं तुमचे कान नेल्यापासून फोनवर तुम्ही नुसतं ‘व्हय व्हय’ करता, म्हणून महत्त्वाचं कागदावरच लिहिते. आपला धाकटा विकी भरतीच्या अकादमीत सोळाशे मीटरला पहिला आला. दोन वर्षं माझ्या घरी भाकरींचा फडशा पाडतोय, त्याचं चीज झालं म्हणायचं! आता अडतोय फक्त चष्मा. अकादमीतले सर म्हणतात, भरतीच्या मेडिकलआधी लेसर करून घे. मी बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पंधरा तारखेची तपासणी ठरवलीय. आईला सांगा, डोळा बाहेर काढत नाहीत. किरणांनी बुबुळाला आकार देतात. तुमची परवानगी कळवा.

तुमची माया अशीच राहू द्या.
प्रियदर्शनी

कोऱ्हाळे बुद्रुक,
९ जानेवारी

चि. प्रियदर्शनीस अ. आ.

पत्र पोचलं. तुज्या आईनं दोनदा वाचाया लावलं. परवानगी कसली मागतीस? चष्म्याच्या दुकानात सात वरसं लोकांचं नंबर काढतीस. विकीचा पयला चष्मा बी तूच दिलास. डोळ्याच्या बाबतीत तू म्हणशील ते आमाला मान्य हाय. तुजी आई आत्तापास्नंच वर्दीतल्या फोटूला जागा बघाया लागलीय. जावयांना जय भीम.

तुजा बाबा,
ज्ञानदेव

इंदापूर,
१६ जानेवारी

ती. बाबांना जय भीम,

आईला फोनवर अर्धंच सांगितलं. बाकीचं इथं लिहिते.

काल दवाखान्यात लेसरसाठी अकरा जण आले होते. बहुतेकांचा साधा मायनस नंबर, लांबचं न दिसण्याचा. काहींना सोबत थोडा सिलिंडर, म्हणजे बुबुळ एका अंगाला जास्त वळलेलं. भिगवणच्या एका बाईंचा तेवढा प्लस, जवळचं न दिसण्याचा. विकी कानात म्हणाला, ह्या सगळ्यांत माझाच नंबर भारी. मीही हसले.

मग मशीनवर त्याच्या बुबुळाचा नकाशा काढला. डॉक्टर म्हणाले, बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढं येतंय. लेसरनं ते आणखी कमकुवत होईल, त्यामुळं लेसर कधीच करायचं नाही. डाव्या डोळ्याला आता चष्म्यानं पूर्ण दिसणार नाही. दुखणं आहे तिथं थांबावं म्हणून एकेका डोळ्यावर औषध आणि किरणांचा वेगळा उपचार लवकर करायचा आहे. भरतीचं स्वप्न संपलं, बाबा.

विकीला बाहेर बसवून डॉक्टरांनी माझ्याकडं जुने नंबर मागितले. कार्डं माझ्याच अक्षरातली. डाव्या डोळ्याचा सिलिंडर दीड, सहा महिन्यांनी अडीच, मग चार. इतका झपाट्यानं वाढला की डॉक्टरांकडं पाठवायचं, हे मला शिकवलं होतं. परक्याला पाठवलंच असतं. विकीला मात्र दर वेळी नवी काच बसवून दिली आणि मोबाईल कमी कर म्हणाले. रस्त्यावरचा दिवा तीन-तीन दिसतो म्हणायचा, तेव्हा त्याची चेष्टा केली. लवकर आणलं असतं तर डोळा एवढा गेला नसता.

एस.टी.त त्यानं एकच विचारलं, उद्या पळायला जाऊ का. मी जा म्हणाले. त्याला वाटतंय नशिबाचा भाग. सांगू का त्याला?

तुमची,
प्रियदर्शनी

कोऱ्हाळे बुद्रुक,
२० जानेवारी

चि. प्रियदर्शनीस,

दोन दिस कागुद पुढ्यात घिऊन बसलो. तुजा राग आला, खोटं कशाला लिवू. मिल हाऊसला कानात कापूस घाल म्हणून मुकादम वरडायचा, मी ऐकलं न्हाय. ते माजं मी भोगतो. पर ह्ये पोराला भोगायचं हाय. कुणामुळं ते त्याला कळाया पायजे. दुसऱ्याच्या तोंडनं कळलं तर तो तुजं नाव टाकंल. तूच सांग. आई जेवली न्हाय काल.

तू बी माजंच लेकरू हायस, एवढं ध्यानात ठिव.

बाबा

इंदापूर,
२४ जानेवारी

ती. बाबांना जय भीम,

काल सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिसऱ्या कार्डाची तारीख विचारली. मग म्हणाला की त्या दिवाळीत नव्या काचेनंही नीट दिसत नाही म्हणून तो तीनदा दुकानात येऊन गेला होता, आणि मी ‘आत्ता गिऱ्हाईक आहे’ म्हणून त्याला परत पाठवलं होतं. मला आठवतंही नाही. तो पिशवी भरून निघाला. आता तुमच्याकडं पोचला असेल. फोन उचलत नाही.

एकोणतीसला डाव्या डोळ्याचा उपचार आहे. मी आलेलं त्याला चालेल का, एवढं विचारा. नाही म्हणाला तरी मला राग नाही.

प्रियदर्शनी

कोऱ्हाळे बुद्रुक,
२६ जानेवारी

ताई,

बाबा म्हणाले तुझं तू लिही, म्हणून लिहितोय. ओळी वाकड्या जात असतील.

डॉक्टरांनी दिलेलं औषध आई डोळ्यात घालती, अर्धं गालावर जातं. अकादमीतल्या पोरांना मी पायाला लागलंय म्हणून सांगितलंय. ती रोज विचारत्यात, पाय कसा हाय.

तुझा फोन उचलत न्हाय, इतक्यात उचलणार पण न्हाय. लहानपणापासून कुणावर रागावलो की तुलाच येऊन सांगायचो. आता तुझाच राग आलाय तर कुणाला सांगू, ते कळत न्हाय.

एकोणतीसला सकाळी नऊला बारामती स्टँडवर ये. माफी मागू नको, समजावू नको. नुसती शेजारी बस. मला भीती वाटतीय.

शेवटी लोभ असावा लिहायचं असतं. ते आत्ता माझ्याच्यानं लिहवत न्हाय. पण तू ये.

विकी