धक्क्यावर आलेला पाहुणा

प्रिय एलादिओदादा,

मंगळवारी बाबा गेले. तू व्हेनेझुएलाला गेलास तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण अलीकडे त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली आणि रोज एकच हट्ट सुरू झाला, "नीवेस, मला सांता क्रूझ बंदराच्या धक्क्यावर ने." तुझी बोट तिथूनच सुटली होती.

ते जाण्याआधी दोनच दिवस, रविवारी मी त्यांना नेलं. तिथे बोटीतून उतरलेल्या एका परक्या माणसाला त्यांनी मिठीच मारली. "किती उशीर केलास रे गाढवा! जेवलास का?"

मी माफी मागणार, तोच तो म्हणाला, "नाही बाबा. तुमच्याबरोबर जेवेन."

तो खरंच घरी आला. बाबांनी त्याला स्वतःच्या हातानं मासे वाढले. म्हणाले, "मी रागावलो नव्हतो रे. घाबरलो होतो."

दादा, हे शब्द तुझ्यासाठी होते. ते दुसऱ्यालाच मिळाले, हे तुला कोणत्या तोंडानं कळवू? पत्र टपालात टाकायला हात धजत नाही.

तुझीच,
नीवेस