चौकीदाराचा रकाना

गोरखपूर, जबलपूर
ता. ३ जून १९९४

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली तीन भोपाळच्या उन्हावर. इथल्या विजय नगरच्या घरात मुलींचं वसतिगृह काढायचं आणि लायसन ताईनं मिळवून द्यायचं, एवढंच होतं ना? मग तेवढंच लिहायचं. शिकलेली माणसं भलताच घोळ घालतात.

तुझे भाऊजी गेल्यापासून मी हेच करून राहिली. घरमालकांचे कागद घेऊन कचेरीत बसायचं, साहेब घर पाहायला आले की मालकाच्या मागे उभं राहून त्याला जास्त बोलू द्यायचं नाही. कुंदा तिकडे सांगते म्हणे, आमच्या वन्सं समाजसेवा करतात. तिला सांग, मी मेहनतीचे पैसे घेते. तुझ्याकडूनही घेईन.

आता नीट वाच. लायसन दोन तऱ्हेचं. मालकाच्या घरचं कोणी तिथंच राहत असेल तर घरगुती. त्यावर वरच्या मजल्यावर चार मुली ठेवता येतात. पुरं घर मुलींनी भरायचं तर वसतिगृहाचं. त्यात पुरुषमाणूस राहता कामा नये, घरचा असो की दारचा. चालतो तो एक चौकीदार, आणि तोही फाटकाजवळच्या खोलीत.

त्या घरात बाबा राहतात, हे तुझ्या ध्यानात असेल. नाव तुझं लागलं असलं तरी जन्मभर शाळेत आणि शिकवण्यांत घसा कोरडा करून ते बांधलं त्यांनी. म्हणून तुझं बरोबर लायसन घरगुती. माझ्याकडे ते यायचे नाहीत. लेकीच्या घरचं पाणीही त्यांना जड होतं. एक तर त्यांना भोपाळला ने, नाहीतर चार मुलींत भागव.

विनताला पापा. माया असू दे, ती नसेल तर उत्तर तरी लवकर दे.

तुझी
पुष्पाताई


भोपाळ
ता. १४ जून १९९४

ती. पुष्पाताईस गुणवंतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कुंदा आणि मी खूप हसलो. तुझी जीभ तशीच आहे, देव तिला तशीच ठेवो.

ताई, चार मुलींत काही होत नाही. विनताचं लग्न समोर आहे. बाबांना इथे आणावं, तर क्वार्टरच्या खोल्या दोन, त्यात कुंदाची कंबर. तूच लिहिलंस की चौकीदार चालतो. मग अर्जातल्या चौकीदाराच्या रकान्यात बाबांचंच नाव घालू या. फक्त कागदावर. घर तेच, बाबा तेच. मी त्यांना तसं कळवलं, त्यांची ना नाही. ओमतीच्या बाजारातून त्यांच्या मापाचा एक खाकी कोट तेवढा घेऊन ठेव, साहेब येतील त्या दिवसापुरता.

तू रागावशील हे ठाऊक आहे. पण तुझ्याशिवाय हे काम होणार कोणाकडून? लहान भावावरची कृपा कमी करू नकोस.

तुझा
गुणवंत


गोरखपूर, जबलपूर
ता. २ जुलै १९९४

चि. गुणवंतास आशीर्वाद. वि. वि.

साहेब येऊन गेले. काम झालं समज.

कोट मी घेतला नाही. बाबा स्वतः ओमतीला जाऊन घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, काहून ऐकता त्याचं, नाही म्हणा. तर म्हणाले, पोराचं अडलं आहे. सकाळपासून फाटकाशी स्टुलावर बसले होते. साहेबांनी खोल्या पाहिल्या, संडास पाहिले, जाताना फाटकाशी थांबले. विचारलं, "दादा, आप कौन?"

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "चौकीदार हूँ, साहब."

मी मागेच होते. दुसऱ्यांना गप्प बसवण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी मीच बसले.

साहेब भला माणूस. जाता जाता विचारलं, बालबच्चे हैं क्या. बाबांनी सांगितलं, मुलगा भोपाळला मोठ्या हुद्द्यावर आहे. साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा फेकून राहिला.

लायसन या महिन्यात हातात येईल. कुंदाच्या कंबरेला आराम पडो.

पुष्पाताई


भोपाळ
ता. २५ जुलै १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लायसन मिळालं. कुंदानं पेढे वाटले, तुझ्या नावाचा एक मी खाल्ला.

आता दोन बारीक गोष्टी. मुली आल्यावर बाबांनी आत वावरू नये असं कुंदाचं म्हणणं. मुलींचे आईवडील विचारतात, आणि साहेब कधीही पुन्हा येऊ शकतात. तेव्हा त्यांची खाट फाटकाजवळच्या खोलीत टाकून दे. ताट मेसची बाई नेऊन देईल. मुलींसमोर तूही त्यांना जरा बेतानं हाक मार.

दुसरी गोष्ट आनंदाची. विनताला पाहायला अमरावतीचे लोक पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत तिथेच येत आहेत. मुली तेव्हा सुट्टीला आपापल्या घरी असतील, आणि मोठं घर दिसलेलं बरं. पोह्यांचं तुझ्याकडे. तुझा हात पाठीवर असाच राहो.

गुणवंत


गोरखपूर, जबलपूर
ता. २४ ऑगस्ट १९९४

गुणवंत,

त्या दिवशी मी पोहे परतत होते, पण स्वयंपाकघराची खिडकी फाटकाकडे उघडते. अमरावतीकरांची गाडी आली. बाबांनी फाटक उघडलं. मुलाच्या वडिलांनी त्यांना गाडीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि हातावर बक्षिसी ठेवली. बाबांनी ती घेतली आणि सलाम केला. तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. तू गाडीचं दार लावलंस.

पुढे आत मुलाच्या आईनं विचारलं, मुलीचे आजोबा कुठे दिसत नाहीत. कुंदा म्हणाली, तीर्थाला गेले आहेत. तू चहा पीत होतास. विनताची मान खाली होती, ती लाजून असेल असं त्यांना वाटलं. साहेब काही त्या दिवशी येणार नव्हते, गुणवंत. ते लायसनसाठी नव्हतं.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या सकाळी बाबा माझ्या दारात. पाणी घेतलं नाही. म्हणाले, इथल्या भाऊरावांच्या वसतिगृहाचं लायसन तू करून राहिली ना, त्यांचा चौकीदाराचा रकाना भरला का? मी नाही म्हटलं. म्हणाले, मग माझं नाव टाक.

मी रडले, भांडले, इथंच राहा म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "पुष्पा, चौकीदारच व्हायचं तर परक्याच्या दारात होतो. तिथं कोणी मला ओळखून गप्प बसणार नाही."

मी नाव टाकलं. भाऊराव त्यांना मास्तर म्हणतात आणि पगार देतात. तुझा रकाना रिकामा झाला आहे. माणूस तू शोध, मी शोधणार नाही.

अमरावतीकरांचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. मुलगी पसंत आहे. लग्न डिसेंबरात, आणि पत्रिकेत घालायला आजोबांचं नाव विचारलं आहे. मी रामराव असं ठळक लिहून पाठवलं. बाबा लग्नाला आले की व्याही त्यांना ओळखतील, याचा विचार तू करून ठेव, असं लिहिणार होते. त्याची गरज नाही. काल बाबांना विचारलं, नातीच्या लग्नाला याल ना.

म्हणाले, नवी नोकरी आहे, सुट्टी मिळायची नाही.

विनताला आशीर्वाद. तुझ्यासाठी या खेपेला काही लिहीत नाही.

पुष्पा