आतोबांच्या क्लॅरिनेटचा स्क्रू

ती. सौ. आत्यास,

वाकून नमस्कार. मी इकडे बरा आहे. तुझा गुडघा आणि आतोबांचा खोकला दोन्ही उताराला लागले असतील असं धरून चालतो. (खोकला पुरता गेला नसेल तर त्यांनी फुंकायचं कुठलंही वाद्य हाती धरू नये. हे मी भाचा म्हणून सांगतो आहे, दुकानातर्फे नाही.)

पत्र लांबणार आहे, कारण आतोबांच्या क्लॅरिनेटपायी माझी नोकरी जायची वेळ आली आहे. ते या वेळी तिसऱ्यांदा दुरुस्तीला आलं, तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, हे वाद्य आहे का माहेरवाशीण? पोचवलं की आलीच परत! आता पुन्हा आलं तर त्याच्याबरोबर तुझीही पाठवणी करतो." सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणाऱ्या माणसावर आधी नजर जाते.

दोष दर वेळी एकच असतो. वाद्याच्या वरच्या भागात एका चावीवर मुगाच्या दाण्याहून लहान स्क्रू आहे. तो जास्त आवळला की शेजारच्या भोकावरची गादी केसभर उघडी राहते, तिथून हवा निसटते आणि सुराऐवजी नुसतं फुस्स होतं. दर वेळी मी तो स्क्रू बेतात आणला. मग नळीत बारीक दिवा सोडून वाद्यासकट अंधाऱ्या कपाटात बसलो (गुडघे दुमडले की मावतो) आणि कुठूनही उजेड झिरपत नाही ना ते पाहिलं. एकेका गादीखाली सिगारेटचा कागद घालून तो अडकतो का तेही ओढून पाहिलं. (मी फक्त कागद ओढतो. बाबांना सांगताना हे वाक्य पूर्ण सांग, अर्ध्यावर सोडू नकोस.) एवढं करून पाठवलेलं वाद्य परत यावं, यात कुणाचा तरी हात असल्याशिवाय राहणार नाही.

पहिला संशय मौनीबाबांवर आला. ते आमच्याकडे ओबो, म्हणजे सनईसारखं विलायती वाद्य, दुरुस्त करतात. ओबोच्या तोंडाची वेताची पत्ती भिजलेली राहावी म्हणून ती दिवसभर तोंडाच्या कोपऱ्यात धरतात आणि बोलत नाहीत. जो बोलत नाही तो काहीतरी लपवतो, असं मला वाटलं. मी क्लॅरिनेटच्या पेटीच्या झाकणावर माझ्याच डोक्याचा एक केस चिकटवून ठेवला. संध्याकाळी केस गायब! रागाने कान तापले. मग आठवलं की केस जागेवर आहे का ते बघायला मीच ती पेटी सारखी उघडत होतो. शेवटी मी त्यांना तोंडावरच विचारलं. त्यांनी पत्ती काढली आणि म्हणाले, "बाळा, वाजवून वाजवून स्क्रू ढिला होतो. आपोआप आवळला गेलेला मी तरी जन्मात बघितला नाही. घरातलंच कुणीतरी आहे बघ." आणि पत्ती परत तोंडात.

घरातलं म्हटल्यावर मला घाम फुटला, म्हणून मी आधी पार्सलवाल्या कारकुनावर संशय घेऊन पाहिला. त्याने "आत काय आहे?" असं विचारलं, मी सांगितलं, त्यावर "क्लॅरिनेट म्हणजे काय?" असं विचारलं. इतकं अज्ञान मला बनावट वाटलं. पण आतोबा फोनवर म्हणाले की दोरीच्या गाठी मी मारल्या तशाच होत्या. पहिल्या संध्याकाळी वाद्य छान वाजलं आणि सकाळी उठून बघतात तर फुस्स. म्हणजे कारकून सुटला. (माझ्या मनातून अजून सुटलेला नाही.)

आता नाजूक भाग. मागच्या खेपेला स्क्रू हलू नये म्हणून मी त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब सोडला होता. आमच्या धंद्यात तशी पद्धत आहे. या वेळी वाद्य आलं तेव्हा स्क्रू आवळलेला होता आणि त्यावरचा थेंब गुलाबी होता. घरात तुम्ही दोघंच. आतोबा नखं रंगवत नाहीत असा माझा समज आहे. तो चुकीचा असेल तर कळव, मी त्यांची माफी मागेन.

मी कुणावरही आरोप करत नाही. वाद्य नीट करून या पत्राबरोबर पाठवलं आहे. सर्वांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. स्क्रूच्या खाचेत भाजीच्या सुरीचे ओरखडे आहेत. सुरी निसटली असती तर बोट कापलं असतं. इथे मला खरंच काळजी वाटली.

ता. क. २. बाबा सांगत होते की निवृत्त झाल्यापासून आतोबा उजाडल्यापासून जेवणाची पानं घेईपर्यंत एकच धून वाजवतात आणि तीही मध्येच अडकते. आत्या, मला सगळं समजतं. पण स्क्रू म्हणजे आमचं दुकान आणि दुकान म्हणजे मी. तेव्हा हात जोडून विनंती, स्क्रूला हात लावू नकोस. तोंडाशी बांधायची वेताची पातळ पत्ती असते ना, तिच्या टोकाला नखाने जरासा टवका काढ. लगेच आवाज बसतो. पत्ती फुटली तर कुणी दुरुस्तीला पाठवत नाही, विकणाऱ्याला शिव्या देतात. तो विक्रेता मला तसाही सरळ वाटत नाही.

ता. क. ३. पत्त्यांचा जादा डबा आतोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असतो. त्यांनीच मला विश्वासाने सांगितलं आहे. हे पत्र वाचून लगेच फाड, आणि त्यांनी विचारलंच तर सांग, मी पूर्णपणे त्यांच्याच बाजूचा आहे.