श्रीकारानंतरचे चित्र

नेवासे, माघ शुद्ध दशमी, शके १८९३

तीर्थरूप आक्कांच्या चरणी साष्टांग दंडवत.

माझा खोकला उतरला आहे. आपल्या विहिरीस पाणी टिकून आहे ना?

काल प्रवरेच्या घाटावर खुल्या चित्रस्पर्धेस बसलो. पत्राच्या सवयीने कोऱ्या कागदाच्या माथ्यावर शाईने 'श्री' लिहिला! शाई पुसेना, दुसरा कागद मिळेना. भोवती माणसे जमली. या वयात हसे झाले, असे वाटून उठू लागलो.

धुणे धुणारी एक बाई म्हणाली, "बाबा, देवाचं नाव लिवून पळता व्हय? काढा की मला!"

आयुष्यभर लोकांना निष्काम कर्म सांगणारा मी पुन्हा खाली बसलो आणि तिला रेखाटले.

चित्र पाहून ती म्हणाली, "माझी कंबर येवढी वाकडी न्हाई!" सारा घाट हसला, मीही हसलो.

बक्षीस दुसऱ्यास गेले. आज मात्र तिची कंबर सरळ करावयास पुन्हा घाटावर निघालो आहे.

आपला धाकटा,
गहिनीनाथ