फराळाचा डबा

सेक्टर एक, भिलाई
२० नोव्हेंबर १९६१

ती. दादास,
माणिकचा शि. सा. न. वि. वि.

तू भाऊबीज करून रायपूरला परतलास आणि इथे शेजार मुका झाला. त्या दिवशी ओसरीवर इस्लामच्या आरंभकाळावरून तुझी नि शेजारच्या हबीबभाईंची जुंपली. पैगंबरांची चरित्रं शंभरावर वर्षांनी लिहिलेली, ती पुरावा कशी, असं तू विचारलंस. कोणी कोणाकडून ऐकलं ती नावं सोबत आहेत, असं ते म्हणाले. नावं मागाहूनही जोडता येतात, हे तुझं उत्तर. ते अर्धा चहा ठेवून उठले.

तेव्हापासून येत नाहीत. त्यांच्या बायकोला, नफीसाला, फराळाचा डबा दिला होता, तोही परत आला नाही. दादा, बाळंतपणात माझ्या उशाशी तीच बसली होती. या नव्या गावात मला दुसरं कोण आहे? तू कॉलेजात शिकव रे, माझ्या ओसरीवर नको.

तुझी,
माणिक


रायपूर
२४ नोव्हेंबर

चि. सौ. माणिक हिस अनेक आशीर्वाद.

रागावलीस ते बरोबरच. माझं बोलणं अर्धंच राहिलं. चरित्रं उशिराची खरी; पण अरबस्तानाशेजारच्या ख्रिस्ती लोकांनी पैगंबरांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्यांचा उल्लेख केला आहे. जुनी नाणी आहेत, शिलालेख आहेत. सांगणाऱ्यांच्या नावांची पारखही त्यांच्या विद्वानांनी कसून केली. हबीबभाईंसाठी वेगळी चिठ्ठी जोडली आहे.

मात्र एखाद्या गोष्टीची नोंद सापडली नाही, म्हणून आम्ही इतिहासवाले लगेच निकाल देत नाही. तू तर एका डब्यावरून दिलास! आधी जाऊन विचार.

तुझा,
विद्याधर


भिलाई
२८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

गेले. दार उघडताच नफीसा रडायलाच लागली. तिला वाटलं होतं, मीच रागावले! भाऊबीजेला आलेल्या भावाशी वाद घातला, आता माणिकताईले कोणतं तोंड दाखवता, म्हणून तिनेच हबीबभाईंना अडवलं होतं. डबा घासून तयार होता. रिकामा देववेना, आणि भरलेला मी घेईन की नाही याची धास्ती.

चिठ्ठी वाचून हबीबभाई संध्याकाळी आले. नाण्यांचं पटलं, नावांचं मुळीच नाही. तुमच्या दादाले सांगा, म्हणे, कारखान्यात भट्टीवर शिफ्ट बदलताना जाणारा जे सांगतो त्यावर आमचा जीव असतो. सांगणारा कोण, हे पाहूनच आम्ही पुढे होतो. संक्रांतीला तुला बोलावलंय त्यांनी. मी आधी तिळगूळ देईन, मग भांडा.

या वेळी चहा पुरा प्याले. डबा शेवयांनी भरून आला. आता त्यात काय भरून धाडू, एवढीच चिंता उरली.

लोभ भांडणातही असाच टिकू दे.

तुझी,
माणिक