बियांच्या टोकावरचे केस

३ मार्च

भिंगाखाली फूल धरलं. कडेच्या पाकळ्या स्पष्ट, आणि मधोमध डाग. काच पुसली. परत पुसली. डाग काचेवर नाही.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. तेव्हा मी नववीत. दहावीचा निकाल दाखवला तेव्हा ते माझ्या कानाशेजारी बघून हसले.

५ मार्च

संचालकबाई स्वतः बियाण्यांच्या खोलीत आल्या. बिनचिठ्ठीच्या पाकिटातल्या बियांच्या रोपांना फुलं धरली म्हणून खूश. "वाळवंटातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं, एवढं मलाही कळतं. नेमकं कोणतं ते तुम्ही सांगा. सोमवारी पाट्या रंगवायच्यात."

या वनस्पती-बागेत वीस वर्षं झाडांची नावं मी ठरवते. माझ्यामागे कुणी तपासत नाही.

६ मार्च

या बियांच्या पहिल्या तुकडीला मायेनं पाणी घातलं तर मुळं कुजली. दुसरी वाळूत नि खडीत पेरली, पाणी जवळजवळ तोडलं – तेव्हा कुठे तरारली. पानं पांढरट, लोकरीसारखी.

दोनच शक्यता. वाळवंटी सूर्यफूल किंवा वाळवंटी झेंडू. सूर्यफुलाच्या बीला टोकाशी केस असतात, झेंडूचं बी बोडकं. झेंडू असला तर शेळ्या-मेंढ्यांना विष.

बी चिमट्यात धरून किती वेळ बसले. केस दिसले असं वाटलं. वाटलं! वहीत लिहिलं – वाळवंटी सूर्यफूल.

८ मार्च

"ताई, चहा कपाबाहेर ओततेयस," धाकटी बहीण म्हणाली. लक्ष नव्हतं म्हटलं. ती माझ्याकडे बघत असावी.

९ मार्च

पाटी लागली. माळीणबाई त्याच वाफ्यातली दाटी काढत होत्या. उपटलेली रोपं पिशवीत भरून विचारलं, "ताई, शेळीला चालेल ना?"

"चालेल."

१३ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला. ठेवून दिला.

१६ मार्च

आधी उमललेली फुलं आता वाळली. त्यांवरून हात फिरवला. सूर्यफुलाच्या पाकळ्या गळायला हव्या होत्या. या जागच्या जागी, कागदासारख्या चुरचुरल्या. एक बी ओठावरून फिरवलं – डोळ्यांपेक्षा ओठ बरे. टोक गुळगुळीत. केस नाहीत.

झेंडू.

आणि आठवडाभर माळीणबाई रोज पिशवी भरून नेतायत.

लगेच पळायला हवं होतं. मी अर्धा तास खुर्चीत बसून राहिले. सांगितलं की विचारणार, तुम्ही चुकलात कशा? मग सगळंच बाहेर येणार. हे इथे लिहून ठेवते. अर्धा तास.

बागेमागेच त्यांचं घर. शेळी अंगणात आडवी, तोंडाला हिरवट फेस. जनावरांचे डॉक्टर तिच्या पोटावर हात ठेवून बसलेले. "खायला काय घातलं?"

मीच म्हणाले, "विषारी झाड. मी चालेल म्हटलं होतं."

दुपारी शेळी गेली.

१७ मार्च

झोप नाही. सकाळी माळीणबाई नेहमीसारख्या कामावर आल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या झाडत होत्या.

"बाई, मला नीट दिसत नाही." पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "महिना झाला, तुमच्या वाटेतल्या बादल्या मी उचलून ठेवते."

"मग मला विचारलंत कशाला?"

झाडू थांबला. "तुम्ही चालेल म्हणालात. तुमचं कधी चुकलं होतं का?"

याहून वाईट मला कुणी काही बोललेलं नाही.

१८ मार्च

संचालकबाईंना सांगितलं. पाटी उतरवली. त्या नीट वागल्या. फार नीट. "आधी डोळे दाखवा, कामाचं मग बघू." मग म्हणजे कधी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

२१ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत आहे, बाबांसारखंच. थांबवता येत नाही. घरी येऊन ही वही उघडली तर ओळीवर ओळ चढायला लागली.

२२ मार्च

अक्षर धाकटीचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय. मागचं एकही पान उघडणार नाही असं तिनं कबूल केलंय.

पानं उघडली मी, ताई. दोन आठवड्यांपूर्वीच, चहा सांडला त्या रात्री.